बंद गळ्याचा कोट

अण्णारावांनी खुंटीवरचा कोट काढला आणि खिडकीपाशी उजेडात धरून ते त्याची बटणं बघू लागले. शिवबाई सुपात रेशनची लाल मिलो ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"सत्काराला निघायचं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"मल्लप्पाच्या. उद्या हार घालणार हायती म्हणं त्याला. बजेट तरलं की त्याचं. आन तारलं कुणी, तर माझ्या भावानं."

थोरल्या बहिणीपुढं बोलून जिंकणारा अजून जन्माला यायचा होता.

मल्लप्पा जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आणि अण्णाराव तिथले विरोधी पक्षनेते. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. यंदा बजेट पाडायचं आणि मल्लप्पांना खुर्चीवरून खाली खेचायचं, असं विरोधकांनी करमाळ्याच्या सभेत शपथ घेऊन ठरवलं होतं. मल्लप्पाही काही कमी नव्हते. निवडणुकीआधी विरोधकांची निम्मी माणसं गिळायला ते टपलेच होते.

पण बहात्तरचा दुष्काळ त्र्याहत्तरातही हटायला तयार नव्हता. बजेट पडलं असतं तर जेऊरकडचे पाण्याचे टँकर थांबले असते, जनावरांच्या छावण्या मोडल्या असत्या. परवा सभागृहात सगळा एका मताचा खेळ होऊन बसला, तेव्हा अण्णारावांनी मल्लप्पांच्या बाजूनं हात वर केला. त्यांच्या माणसांपैकी दुसऱ्या कुणीही केला नाही.

तेव्हापासून शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या बैठकीत कुणी फिरकलं नव्हतं. एरवी इथं चपला ठेवायला जागा नसायची. शिवबाईंनी सकाळी सवयीनं चहाचं मोठं पातेलं चुलीवर ठेवलं, मग निमूटपणे उतरवून लहान ठेवलं. शेजारचे चनबसप्पा तर अण्णाराव ओट्यावर आले की दार लावून घेत. घर खायला उठलं होतं. बायको पार्वतम्मा असती तर निदान भांडायला तरी हक्काचं माणूस असतं, असं अण्णारावांना वाटे. तिला जाऊन सहा वर्षं झाली, पण इतकं एकटं त्यांना तेव्हाही वाटलं नव्हतं.

शिव्या घालण्यात सगळ्यात पुढं होता जेऊरचा ज्ञानबा. त्याला अण्णारावांनीच बोटाला धरून राजकारणात आणलेलं. काल संध्याकाळी कोपऱ्यावर उभा राहून तो गरजला होता, "अण्णाराव विकला गेला! त्याच्या घरचं पानीसुदिक पिऊ नका!"

आवाज खिडकीतून थेट आत येत होता. "फार घाई करतो बोलायला," अण्णाराव तेवढंच पुटपुटले होते.

मग पोरांनी फाटका सदरा घातलेला गवताचा पुतळा पेटवला. तेवढ्यात एका टांगेवाल्यानं विचारलं, "किसका पुतला है, भाई?" लोकांत खसखस पिकली आणि घोषणा विरून गेल्या.

"मला तर बरंच वाटलं," शिवबाई आता म्हणाल्या. "लांबनं बघणाऱ्याला कळलंच न्हाय, कुणाला जाळत्यात ते."

"व्हय," अण्णाराव म्हणाले.

त्यांनी कात्री घेतली. सोलापूरच्या उन्हाळ्यातही तो तपकिरी, बंद गळ्याचा कोट त्यांच्या अंगावरून उतरत नसे. कोट दिसला की लोक लांबून रामराम घालत. सगळी बटणं पितळी, फक्त शेवटचं काळं. मूळचं हरवलं, तेव्हा पार्वतम्मानं हाताला लागेल ते लावून दिलं होतं. अण्णारावांनी नेमकं तेच जपून कापलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"ते कशाला काढलंस? तिच्या हातचं होतं ते."

"तिकडं न्यायला नको."

"सत्काराला शोभत न्हाय व्हय?" शिवबाई म्हणाल्या. सूप तिथंच ठेवून त्या उठल्या.

बाहेर ऊन मी म्हणत होतं, बोळात चिटपाखरू नव्हतं. मागच्या दाराची कडी वाजली. शिवबाईंनी दार उघडलं, तर समोर ज्ञानबा. त्या दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"हितलं पानी प्यायचं न्हाय म्हनालास की. मग कशाला आलास?"

ज्ञानबानं बोळात मागं वळून बघितलं.

"अक्का, त्याला आत घे," अण्णाराव आतून म्हणाले. "आणि पाणी दे. उन्हातनं आलाय."

शिवबाईंनी तांब्या आदळला. ज्ञानबानं तो उभ्या उभ्या, घटाघटा रिकामा केला.

"टँकर आला?" अण्णारावांनी विचारलं.

"व्हय. सकाळीच आला. छावनी बी चालू हाय."

"आणि आपली माणसं?"

"एक बी फुटलं न्हाय. मल्लप्पाचं नाव काडलं तरी थुकत्यात. पन समदी तुमच्यावर लई खवळल्यात, अण्णा."

"बरं झालं. माझ्यावर खवळल्यात, तवर मल्लप्पाकडं कुणी जायचं न्हाय."

"उद्या करमाळ्याच्या बाजारात सभा ठेवलीया." ज्ञानबानं रिकामा तांब्या खाली ठेवला. "बास करू या की आता, अण्णा. मला न्हाय जमायचं."

अण्णारावांनी कोटाच्या बाह्या आत दुमडल्या, नीट घडी घातली आणि कोट त्याच्या हातात ठेवला.

"उद्या सावकाश बोल," ते म्हणाले. "आणि पुतळ्याला हा घाल. काल कुणी ओळखलंच न्हाय मला."