मान वाकत नसेल तर

"ताप आहे. काल दुपारपासून," बरीरा खाली बघत म्हणाली. आठ महिन्यांचा नुहू तिच्या मांडीवर दूध पीत होता. "पेज पोटात ठरत नाही. हातपाय मात्र गार."

सुमाना डॉक्टर नव्हता, दवाखान्यातला एकमेव नर्स होता. पण मार्चातला धुळीचा वारा सुटला होता, मेंदूज्वराची साथ आली होती आणि सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. तो नदीकाठचा, इथल्या रीतींना नवखा; हौसा लोकांच्या या गावात येऊन त्याला आठवडाच झाला होता. बाहेर साठ माणसं खोळंबली होती.

"उजेड सोसत नाही," बरीरानं पुढे सांगितलं.

सुमानानं नुहूला दारातल्या उन्हाकडे वळवलं. गडी खुदकन हसला. ताप नव्हता. हनुवटी सहज छातीला टेकली.

दारातून बरीराची सासू देलू सुनेच्या वतीनं माफी मागू लागली. सून एरवी गुणाची होती. पहिल्या लेकराची लाज धरायची इथली रीत तिनं आईआजीसारखी पाळली. चार वर्षांत थोरलीचं नाव तोंडातून काढलं नाही की चारचौघांत तिला मांडीवर घेतलं नाही. थोरली आजीचीच. चालून दमली म्हणून आता आजीची ओढणी पांघरून कडुलिंबाखाली आडवी झाली होती. या धाकट्याच्या बाबतीत मात्र सुनेचा जीव उगाच खालीवर होत होता.

सुमाना वैतागला. इथल्या बायका सरळ बोलतील तर शपथ.

"बाई, पोर ठणठणीत आहे. घरी जा."

बरीरा हलली नाही. "मान वाकत नसेल तर?"

"याची वाकतेय की."

"नसेल वाकत तर?"

"तर सुई आजच्या आज, आत्ता. उद्यावर टाकलं तर लेकरू हातचं जातं."

देलूनं तिला चल म्हटलं. बरीरानं नुहूला सुमानाच्या हातात दिलं आणि सासूच्या अंगावरून बाहेर गेली. रांगेत तिचा सासरा होता, दीर होते, इमाम होते. या माणसांसमोर तिनं आजवर डोकंही वर केलं नव्हतं. ती कडुलिंबाखाली बसली, आजीची ओढणी बाजूला केली आणि सगळ्यांदेखत थोरलीचं डोकं मांडीवर घेतलं. मान वाकत नव्हती.

"तलातू," ती म्हणाली. "मी आहे गं, तुझी आई."

ओ आली नाही.