वजीरला सोडा

"आई कुठंय?" थोरलीनं विचारलं, आणि कुणालाच माहीत नव्हतं.

हॉलमध्ये खुर्च्या मांडून झाल्या होत्या. टेबलावर बाबांचा गणवेशातला फोटो होता, शेजारी शौर्यपदक. माइक दोनदा किंचाळून आता कुठे ताळ्यावर आला होता. माणसं येऊन बसली होती. आणि ज्या बाईच्या नवऱ्याच्या आठवणी सांगायला सगळे जमले होते, तीच बाई गायब!

"देवा रे! आता हिनंही सुरू केलं," थोरली पुटपुटली.

गेली दोन वर्षं बाबांनी तिच्या नाकी नऊ आणले होते. सैन्यात कुत्र्यांबरोबर उभा जन्म काढलेला, भूकंपातले ढिगारे पालथे घातलेला माणूस निवृत्त होऊन घरी आला आणि घराच्या आसपासच हरवायला लागला. कधी गॅरेजमध्ये सापडायचे, कधी जिन्याखाली, आणि बहुतेक वेळा कोपऱ्यावरच्या बंद पडलेल्या नर्सरीत, रचून ठेवलेल्या कुंड्यांच्या मागे. बरं, हरवायचेही कसे? थंडी असली की स्वेटर चढवून, पावसात छत्रीसकट. "छत्री घेऊन कुणी हरवतं का हो?" असं म्हणून थोरली कपाळावर हात मारून घ्यायची.

दर वेळी त्यांना शोधायचा वजीर. त्यांच्याबरोबरच निवृत्त झालेला त्यांचा कुत्रा, आता मागच्या पायांनी लंगडणारा. तो भुंकला की बाबा लहान मुलासारखे टाळ्या पिटत ओरडायचे, "शाबास माझ्या वाघा!" त्या टाळ्या बघून थोरलीची खात्रीच पटली, की बाबांचं डोकं कामातून गेलं.

डॉक्टरकडे यायला ते तयार नव्हते. मग तिनंच उपाय केले. स्कूटर विकून टाकली. फाटकाला कुलूप लावलं, तर हे किल्ली खिशात घालून हरवले. शेवटी तिनं त्यांच्या गळ्यात नाव-पत्त्याची पाटी अडकवली. पदक मिळालेल्या माणसाच्या गळ्यात पाटी! तिला रडू आलं होतं, पण करणार काय? बाबा ती पाटी घालून पुन्हा हरवले.

आणि आईची तऱ्हा तर जगावेगळी. हातातलं काम न सोडता म्हणायची, "वजीरला सोड."

महिन्यापूर्वी बाबा झोपेतच गेले. तेव्हापासून वजीर त्यांच्या खाटेशी पडून होता. खात नव्हता, उठत नव्हता. जनावरांचा डॉक्टर आज संध्याकाळी शेवटचं इंजेक्शन घेऊन येणार होता. "थोडं थांब ना गं," आई सकाळपासून विनवत होती.

"कशाला थांबायचं? त्याचे हाल बघवतात तुला?" थोरली तिच्यावर खेकसली होती.

वेळ मारून न्यायला आचारीकाका माइकपुढे उभे राहिले. बाबांच्या तुकडीचा स्वयंपाक त्यांनी वर्षानुवर्षं केला होता.

"भूकंपात ती इमारत पडली तेव्हा वजीरला नुसती प्रेतंच सापडत होती," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी तो बसला तो बसलाच. घास घेईना. मी त्याच्यासाठी काय काय शिजवलं, पण छे! तुमचे बाबा म्हणायचे, याला फसवता येत नाही, हा आधी आपला चेहरा वाचतो. मग सकाळी एक माणूस जिवंत सापडला. अहो, वजीर असा उसळला म्हणता! त्याच दुपारी त्यानं जिन्याखाली अडकलेली ती मुलगी जिवंत शोधली. पदक मिळालं ते तिच्यासाठी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीचं लक्ष दाराकडेच होतं. गच्ची पाहून झाली, गॅरेज झालं, शेजारची घरं झाली. आईचा फोन स्वयंपाकघरात, चपला मात्र नाहीत.

"वजीरला सोडून बघ," आचारीकाका हळूच म्हणाले.

"तो उठतो कुठं, काका!"

तरी ती बाबांच्या खोलीत गेली. वजीरच्या पुढ्यातच आईची पांघरायची शाल जमिनीवर पडली होती. एवढी टापटिपीची बाई, आणि शाल जमिनीवर! थोरलीचा धीरच सुटला. ती मटकन खाली बसली आणि शाल त्याच्या नाकाशी धरून ढसाढसा रडू लागली. "शोध रे बाबा. माझी आई शोध."

वजीर तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग धडपडत उठला.

तो लंगडत पुढे, थोरली मागे, आचारीकाका धापा टाकत त्यांच्या मागे. फाटक, गल्ली, कोपरा. नर्सरीत शिरून वजीर कुंड्यांच्या ढिगापुढे थांबला आणि महिन्याभरात पहिल्यांदा भुंकला.

मागे आई बसली होती. अंगात स्वेटर, शेजारी पाण्याची बाटली. ती टाळ्या पिटत ओरडली, "शाबास! शाबास माझ्या वाघा!" वजीरनं शेपटी हलवत तिच्या ओंजळीतली बिस्किटं मटामट खाऊन टाकली.

थोरलीनं तोंडावर हात ठेवला. "बघा काका! हिलाही तेच झालं. अगदी बाबांसारखं!"

आचारीकाकांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"पोरी, त्या सकाळी जिवंत सापडलेला माणूस मीच होतो. तुझ्या बाबांनी पहाटे मला स्वेटर घालून, पाण्याची बाटली देऊन ढिगाऱ्यात नेऊन लपवलं होतं."