सात-शून्य-चार

"सात-शून्य-चार, उत्तर द्या!" असं एका विमानाला अर्धा तास ओरडून विमानतळावरच्या नियंत्रकाचा घसा बसला. शेवटी आवाजाहून वेगाने दोन लढाऊ विमानं झेपावली. त्या धडाक्याने शहरभर काचा तडकल्या. पाडायचा हुकूम निघणार, तोच ते छोटं, मुकं विमान त्यांच्यामागोमाग उतरलं. "झोपला होतास?" नियंत्रक वैमानिकावर खेकसला. तो ओशाळला. "आईचा पहिलाच विमानप्रवास. इंजिनाने तिचं डोकं उठवलं, म्हणून माझा हेडफोन तिला दिला." हेडफोन अजून आईच्या कानांवरच होता. "आजी, म्हणजे तुम्हाला सगळं ऐकू येत होतं?" "शब्दन् शब्द!" "मग बोलला का नाहीत?" "दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याने तोंड घालू नये. तू त्या सात-शून्य-चारला बोलावत होतास." तिने त्याच्यापुढे पाण्याची बाटली धरली. "किती कळवळून हाका मारत होतास! माझा जीव टांगणीला लागला. शेवटी सापडला का रे तो?"