पेरलेला भूकंप

"हा सरांचाच," ती म्हणाली आणि खुर्ची मागे ढकलून खो-खो हसत सुटली.

पडद्यावर भूकंपमापन केंद्रांच्या नोंदी एकाखाली एक मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत एक लहानशी थरथर होती. आधी बारीक लहरी, मग जरा थांबून ठसठशीत लहरी, मग हळूहळू सगळं शांत. तिच्या मॉडेलने आधीच काढून ठेवलेल्या लहरी तिने त्यांच्यावर ठेवून पाहिल्या. दोन्ही तंतोतंत जुळल्या.

"सरांचा कशावरून?" शेजारच्या टेबलावरून लोलकाने विचारलं. काहीही ऐकलं की आधी हो आणि मग नाही अशी मान हलवायची त्याची सवय होती. म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला लोलकच म्हणत.

"अरे, इतका गोंडस भूकंप कधी बघितलायस? खऱ्या भूकंपाच्या नोंदीत कुठे ट्रक जातो, कुठे वारा सुटतो, कुठे एखादी शेळी येऊन यंत्राच्या पेटीला अंग घासते. हा बघ. न्हाऊन, भांग पाडून आलाय."

सरांची ही खोड जुनी होती. वर्षातून एकदा, केव्हातरी, ते संगणकावर बनवलेला एक खोटा भूकंप सगळ्या केंद्रांच्या नोंदींत गुपचूप पेरून ठेवत. कोण डोळे उघडे ठेवून काम करतंय ते त्यांना पाहायचं असे. जो खोटा ओळखेल त्याला सर स्वतःच्या हाताने चहा करून पाजत. जो खरा समजून नाचेल, त्याची वर्षभर धडगत नसे. मागच्या वर्षी लोलक नाचला होता. त्याने आईला फोन केला होता आणि आईने अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं.

तिच्या बाबतीत मात्र हा नुसता चेष्टेचा मामला नव्हता. शहराबाहेरच्या टेकडीखाली एक झाकलेली भेग आहे, असं तिचं मॉडेल सांगत होतं. संगणकात तिने ती टेकडी हजारदा हलवून पाहिली होती. खरी टेकडी मात्र ढिम्म. भेग जागी असेल तर अधूनमधून बारीक थरथर व्हायला हवी होती. तीन वर्षांत एकदाही झाली नव्हती. पायथ्याशी नवं इस्पितळ व्हायचं होतं. भेग खरी असेल तर त्याचा पाया वेगळा घालावा लागणार होता, आणि एवढ्याशा संशयावर कोण कशाला खर्च वाढवेल? सासूबाई रोज जेवताना विचारत, "हलली का गं तुझी टेकडी?" उद्या सकाळी समितीची बैठक होती. एकही खरी नोंद दाखवता आली नाही, तर मॉडेल गुंडाळायचं आणि तिने दुसऱ्या विभागात जायचं, हे ठरल्यात जमा होतं.

"आणि ही नोंद नेमकी त्याच टेकडीखालची?" लोलकाने विचारलं.

"तेच तर! सरांना माझी टेकडी ठाऊक, माझं मॉडेल ठाऊक. माझ्याच लहरी घेतल्या आणि माझ्याच पानात वाढल्या."

"पण खरी असली तर? उद्या दाखव तरी. तुझं काय जातंय?"

तिला मोह झाला. नाही कसा होणार? ती बराच वेळ त्या लहरींकडे बघत राहिली. मग तिने नोंदीपुढे 'बनावट' असं लिहून टाकलं.

"नको रे. रिकाम्या हाताने जाईन, पण खोटा भूकंप घेऊन जाणार नाही." तिचे डोळे भरून आले होते. तिने ते बाहीने पुसले. "चल, निदान चहा तरी वसूल करू."

सर खिडकीपाशी उभे राहून डबा खात होते.

"सर, आधण ठेवा," ती दारातूनच म्हणाली. "तुमचा पकडला."

"अरे वा! बघू." सर खुशीत येऊन बसले. तिने त्यांच्या संगणकावर नोंद उघडली. सरांचा घास हातातच राहिला. त्यांनी एकेका केंद्राची नोंद मोठी करून पाहिली. मग तारीख पाहिली.

"त्या आठवड्यात टेकडीवरचा रस्ता दुरुस्तीसाठी बंद होता," ते हळूच म्हणाले. "ट्रक नाहीत, वर्दळ नाही. म्हणून इतकी स्वच्छ आलीय." त्यांनी डबा बाजूला सारला. "बाई गं, हा मी टाकलेला नाही."

लोलकाची मान जन्मात पहिल्यांदा मध्येच थांबली.

"म्हणजे हलली?" ती पडद्याजवळ वाकली. "खरंच हलली?"

"हलली. आणि तुझ्या मॉडेलने सांगितलं होतं अगदी तशी हलली. उद्या समितीला हेच दाखव, दुसरं काही नको."

ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. तिने लोलकाच्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. आनंद एवढा झाला होता की तो कुणाला तरी देणं भागच होतं. लोलकही पाठ चोळत हसत होता. इतक्यात तिच्या काहीतरी लक्षात आलं.

"पण सर, मग तुमचा कुठाय? यंदाचा अजून पेरायचाय वाटतं?"

सरांनी मोठ्या कष्टाने हसू दाबलं.

"माझा ना? तो तिकडे घाटातला, मागच्याच महिन्यात तू तपासलास आणि खाली सही करून 'निःसंशय खरा' म्हणून माझ्याकडे पाठवून दिलास."