ढोलीतला निळा कोळी

"मावशी, तो निळा कोळी कोणत्या झाडाच्या ढोलीत असतो हो?" गाडीतून उतरलेल्या साहेबाने टपरीवर चहा पिता पिता विचारलं. त्याच्या पिशवीत झाकणाला भोकं पाडलेले डबे होते. असले लोक रान विकून खातात आणि वर मावशी म्हणतात.

द्वारकाचा हात किटलीवरच थबकला. कालच तिच्या वैजूचा फोन आला होता. जगभरच्या शास्त्रज्ञांनी पोरीचा अभ्यास मानला होता. तो कोळी फक्त याच डोंगरात उरलाय, हे आता जगाला कळलं होतं. "पण आई, झाड कुणाला सांगू नकोस. चोर नेऊन परदेशात विकतील." द्वारकाने सकाळीच ही बातमी घरोघरी मिरवली होती, तंबीसकट.

"कसला कोळी?" ती म्हणाली. "माझी पोरगी येडी हाय, सायेब. कायबी सांगती." पोटच्या पोरीला वेडी म्हणताना तिची जीभ भाजली.

बाकावर शेजारची शेवंता बसली होती. कोळ्यांमागे फिरते म्हणून वैजूला वेडी ठरवून हिनेच तिचं जमलेलं लग्न मोडलं होतं. तिने तोंड उघडलं तसा द्वारकाचा जीव टांगणीला लागला.

"येडीच हाय ती," शेवंता ठसक्यात म्हणाली. "साऱ्या गावाला ठावं हाय. घरातली जाळी काढायला उठत न्हाय, अन् म्हणं निळा कोळी!"

साहेब चरफडत निघून गेला. गाडी वळणाआड होताच शेवंताने रिकामा कप पुढे केला.

"वैजू आली की आपला कोळी मला दाखव म्हणावं. पर डोळं बांधून ने म्हणावं. माझ्या पोटात काय ऱ्हात न्हाय."