वगळलेला ठिपका
वाघाच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याने आठवड्यात त्याच्या ठावठिकाणाचे एकेचाळीस ठिपके पाठवले होते. ते सगळे मावतील एवढा लहानात लहान आयत दीप्तीचा प्रोग्राम नकाशावर काढायचा आणि आयतातल्या गावांना रोज सकाळी सावधगिरीचा मेसेज जायचा. आज आयत भलताच पसरला, कारण एक ठिपका थेट तिच्या गावाजवळ, खाप्याला, कन्हान नदीच्या काठी होता. "आमच्या खाप्यात कुठचा वाघ? पट्टाच चुकला," म्हणत तिने तो ठिपका उडवला. आयत आक्रसला. ऑफिसातले सर "बढिया" म्हणाले, मेसेज गेले. चहा पिताना तिची नजर वगळलेल्या ठिपक्याच्या वेळेवर गेली. तो सर्वांत शेवटचा होता, आज पहाटेचा. तिने घाईघाईने आईला फोन लावला. "आई, कुठं हायेस?" "नदीकाठी, मोहफुलं वेचून राहिली. काहून वं?" "कुत्रा संग हाय ना?" "हाय. पण मघापासून माह्या पायातच घुसून राहिला वं, भुंकत बी नाही."