गोजरबाईंची वेणी

मोनिका केडगावात फॅशनच्या बाहुल्यांसाठी केसांचे टोप करायची. इवल्याशा टोपीवर सुईनं एकेक केस ओवायचा, मग त्याच्या वेण्या, अंबाडे घालायचे. खऱ्या केसांच्या टोपाला मागणी फार.

सासूबाई, गोजरबाई, टायफॉइडच्या तापात भान हरपून पडल्या होत्या, तेव्हा तिनं त्यांची कमरेपर्यंतची वेणी मुळापासून कापून घेतली. मागाहून सांगितलं, "आत्या, डॉक्टरांनीच केस काढायला लावले." त्यांनी मान डोलावली. मोनिकाला त्यांच्याकडे बघवेना.

त्या केसांचा टोप ती बाहेरच्या खोलीत विंचरायला बसली, की आतून गोजरबाईंचा आवाज यायचा, "हळू गं. ओढतंय."

शेवटी तिनं तो टोप एका लहान मुलीच्या बाहुलीसाठी पुण्याला पाठवून दिला. घर शांत झालं.

चार दिवसांनी, भर दुपारी, भाकरी मोडता मोडता गोजरबाई थांबल्या. "आज कोन विंचरतंय गं? हात लई बारका हाय."

मोनिका पळी ठेवून त्यांच्याजवळ आली.

गोजरबाईंनी दोन्ही हातांनी बोडकं डोकं धरलं. "पोरीनं कात्री घेतली," त्या हळूच म्हणाल्या. "येणी कापताना तू तरी माझा कान जपला हुतास, मोनिका. हिला तो दिसतच न्हाई."